दुपारच्या सुट्टीचं प्रकरण

मधलीला जेवायला बोलावलं होतं. पण टेबलाभोवती खुर्च्या कशा मांडल्यात हे पाहताच तिनं ओळखलं की आज आपली मुलाखत आहे. मुलाखती घेण्यातच तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे देणाऱ्याची खुर्ची कुठली असते हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. टेबलाच्या एका टोकाला नाना. त्यांच्या उजव्या हाताला दादा, डाव्या हाताला काका आणि काकू. दुसऱ्या टोकाला एकच खुर्ची, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे बसणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड येईल अशी. वहिनी वाढत होती, म्हणजे ती अजून कुठल्याच बाजूला गेलेली नव्हती. आई स्वयंपाकघरात होती. घरात काही निकाल लागायचा असला की आई तो लागेपर्यंत स्वयंपाकघरातच असायची. परदेशातल्या धाकटीनं सकाळीच घरच्या ग्रुपवर ‘मी ताईच्या बाजूनं’ असं लिहिलं होतं आणि मग शहाण्यासारखा फोन बंद करून ठेवला होता.

“बस,” दादा म्हणाला. “आधी जेवून घेऊ.”

म्हणजे जेवण व्हायच्या आधीच सुरू होणार.

झालं होतं ते असं. मधलीचं नवं पुस्तक आलं होतं, साठीनंतरच्या नवराबायकोंच्या जवळिकीवर. आधीची तिची पुस्तकं विद्यापीठाच्या ग्रंथालयात धूळ खात सुखानं नांदत होती. हे मात्र तिनं साध्या भाषेत, सगळ्यांसाठी लिहिलं, आणि तिथेच घोडं अडलं. वर्तमानपत्रानं रविवारच्या पुरवणीत त्यातली दोन पानं छापली. त्या दोन पानांत एक म्हातारा व्यापारी आणि त्याची बायको होती. तो रोज दुपारी दुकान बंद करून जेवायला घरी जातो आणि जेवण फार पटकन उरकतो, एवढंच त्यात होतं. जे नव्हतं ते वाचणाऱ्यांनी आपापल्या मनानं भरून घेतलं.

आता बाजारपेठेतली सगळीच दुकानं दुपारी बंद व्हायची. पिढ्यान् पिढ्या व्हायची. पण ती पुरवणी आली आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी शटर खाली ओढायची कुणाची छाती होईना. ओढलं की समोरचा दुकानदार खोकायचा. शेजारचा ‘सावकाश या हं’ म्हणायचा. चष्मेवाला, घड्याळवाला, कापडवाला, सगळे भर दुपारी रिकाम्या दुकानात डबे खात बसले होते आणि एकमेकांवर नजर ठेवून होते. आणि पुस्तक लिहिणारी बाई कुणाची, तर गादीवाल्यांची. मग तो व्यापारी कोण असणार, हे शोधायला बाजाराला समाजशास्त्र लागत नव्हतं.

गादीवाले हे नाव आजोबांच्या वेळचं. आजोबांनी कापूस पिंजून गाद्या भरायला सुरुवात केली, नानांनी त्याला पलंगांची जोड दिली, दादानं स्प्रिंगच्या गाद्या आणल्या. आणि मधलीनं, काकांच्या शब्दांत सांगायचं तर, धंदा त्याच्या मुक्कामापर्यंत नेला.

हा विनोद काका गेली कित्येक वर्षं करत होते. पण फक्त घरात. बाहेर विचारलं की घरचे सगळे एकच सांगायचे, मधली लोकसंख्येत आहे. हे कुणी ठरवलं होतं कोण जाणे. तिनं पहिला अभ्यास केला तो घरदार सोडून कारखान्याच्या वसतिगृहात राहणाऱ्या लग्न झालेल्या कामगारांचा. वर्षातून एकदा भेटणारे नवराबायको एकमेकांना कसे सामोरे जातात, हा तिचा प्रश्न होता. तेव्हा तिच्या मार्गदर्शकांनी चष्मा पुसत सांगितलं होतं, “विषय उत्तम आहे. फक्त त्यातला विषय तेवढा काढून टाका.” तिनं तो काढला नाही. परिषदांमध्ये तिला नेहमी जेवणानंतरची वेळ मिळायची, पेंगणाऱ्या श्रोत्यांची. पण तिच्या वेळेला सभागृह भरलेलं असायचं, आणि आलेला प्रत्येक जण आपण चुकून या दालनात आलो असं तोंड करून बसलेला असायचा. एकदोघांनी लग्नाचं विचारलं, पण तिचं काम कळल्यावर त्यांनी तिच्याकडे असं काही पाहिलं की जणू ती घरी गेल्यावर त्यांचे मार्क मांडणार होती. घरी मात्र ती लोकसंख्येतच राहिली. जनगणनेच्या वर्षी शेजारपाजारचे तिची चौकशी करायचे, काम फार असेल ना म्हणून.

पहिला घास तोंडात गेला आणि दादानं सुरुवात केली.

“पुढच्या आठवड्यात व्यापारी संघाची निवडणूक आहे. मी अध्यक्षपदाला उभा आहे, तुला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“लोखंडवाला माझ्याविरुद्ध उभा आहे. परवा भर बैठकीत काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, गादीवाल्यांना अध्यक्षाची गादी कशाला हवी, त्यांना दुपारी घरची आहे. सगळे हसले. मीसुद्धा हसलो. न हसून सांगतो कुणाला.”

काकांना ठसका लागला. तो ठसका नव्हता हे टेबलावर सगळ्यांना कळलं.

“तुम्ही हसू नका, काका,” दादा म्हणाला. “सोपं काम आहे, मधले. वर्तमानपत्राला चार ओळींचं निवेदन दे. पुस्तकातलं जोडपं आमच्या घरातलं नाही. संपलं.”

“नाही देता येणार.”

“का? आहे का ते घरातलं?”

“तेही नाही सांगता येणार.”

दादानं नानांकडे पाहिलं. नाना बटाट्याची फोड चमच्यानं दाबून मऊ करत होते.

“हे बघ,” मधली म्हणाली. वर्गात ती याच आवाजात बोलायची. “आज मी लिहिलं, हे आमच्या घरातले नाहीत. उद्या चष्मेवाला येईल, म्हणेल माझंही तेवढं लिहा. परवा घड्याळवाला. एकेकाला वगळत गेले की शेवटी जो उरेल त्याचं काय? त्या दोघांनी माझ्यावर विश्वास टाकलाय. कुणाचंही नाव घेणार नाही, एवढंच नाही, कुणाचं वगळणारही नाही. हो नाही आणि नाहीही नाही.”

“ते आम्ही नाही,” काकू मध्येच म्हणाल्या.

कुणी विचारलेलं नव्हतं. काकू सहसा जेवताना बोलायच्याच नाहीत, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. काकांनी घास ताटात ठेवला.

“इतक्या घाईनं सांगायची काय गरज होती?”

“खरं ते सांगितलं.”

“खरं काय ते मलाही माहीत आहे. पण झाकली मूठ म्हणून काही असतं की नाही? या आठवड्यात घड्याळवाल्यानं मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. माझ्याहून धाकटे लोक दार धरून उभे राहतात. मी कुणाला हो म्हटलं नाही. मधलीसारखंच. हो नाही आणि नाहीही नाही.”

“म्हणजे तुम्ही बाजारात मिरवताय,” दादाचा आवाज चढला. “मी इकडे तोंड लपवतोय आणि तुम्ही तिकडे मिशीला ताव देताय.”

“या वयात लोक आणखी कशाबद्दल संशय घेणार आहेत, मला सांग.”

वहिनी इतका वेळ भाताचं भांडं हातात धरून उभी होती. ते तिनं टेबलावर ठेवलं आणि मधलीच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. दादाच्या शेजारची तिची जागा रिकामी राहिली.

“अहो, तुम्ही पुस्तक वाचलंय?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“त्यात वाचायचं काय आहे? सगळा बाजार सांगतोय मला त्यात काय आहे ते.”

“बाजारानंही नाही वाचलेलं. मी वाचलंय. सगळं. दुपारची गोष्ट दोनच पानं आहे. बाकीचं पुस्तक एका पलंगावर राहून एकट्या पडलेल्या लोकांचं आहे. एक बाई सांगते, नवरा आजारी होता तेव्हा मी रोज त्याचे पाय चेपायचे. तो बरा झाला आणि त्याला हात लावायचं कारणच उरलं नाही.” ती थांबली. “त्या पानावर मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवलं होतं.”

बायको आपल्या बाजूची जागा सोडून समोरच्या पक्षात जाईल हे दादानं हिशोबात धरलेलंच नव्हतं. म्हणून त्यानं शेवटचा डाव काढला. खिशातून एक कागद निघाला.

“मग निवेदन मी देतो. लिहून आणलंय. मधलीच्या अभ्यासाशी, पुस्तकाशी आणि मतांशी आमच्या कुटुंबाचा काहीही संबंध नाही. खाली नानांची सही.”

कागद नानांच्या ताटाशी आला. मधलीनं पाणी प्यायचं म्हणून ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. लोकांनी आजवर तिला काय काय म्हटलं होतं, निनावी फोन आले होते, एका महाविद्यालयानं व्याख्यान ठरवून ऐन वेळी दाराला कुलूप लावलं होतं. ते सगळं तिनं कधी फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं. पण ‘काहीही संबंध नाही’ हे शब्द घरच्या टेबलावर, दादाच्या त्या गोलगोल अक्षरात बघताना तिला लागलं.

नानांनी चष्मा लावून कागद वाचला. मग चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं.

“म्हणजे तू लोकसंख्येत नाहीस?”

काकाही हसले नाहीत. नाना चेष्टा करत नव्हते.

“नाही, नाना.”

“कधीच नव्हतीस?”

“कधीच नव्हते.”

नानांनी मान हलवली. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगितलेली गोष्ट त्यांच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरताना दिसली. “आणि हे सगळं लोक तुला सांगतात? परक्या बाईला?”

“सांगतात.”

“कसं काय? माझ्याकडे पलंग घ्यायला येतात तर मेले कशाला हवाय ते सांगत नाहीत. दोघं दोन कडांना बसतात, बस थांब्यावर बसल्यासारखे. म्हणतात पाहुण्यांसाठी बघतोय. इतके पाहुणे येतात कुठून?”

मधलीला हसू आलं. “तुम्ही त्यांना काय विचारता, नाना?”

“काय विचारणार. विचारतो, कोण कुठल्या बाजूला झोपतं. मग गप्प राहतो. थोड्या वेळानं आपणच बोलायला लागतात.”

“मी पण तेच विचारते. पहिला प्रश्न तोच. मग गप्प राहते.” ती जरा थांबली. “शाळेतून आले की मी तुमच्या काउंटरमागे बसायचे. तिथेच ऐकलाय. माझ्या विद्यार्थ्यांनाही पहिल्या दिवशी तोच शिकवते. कुणाकडून शिकले ते त्यांना सांगते, तुम्हालाच कधी सांगितलं नाही.”

नानांनी कागदाची घडी घातली. पण फाडला नाही, परतही केला नाही. ताटाखाली सरकवून ठेवला. मधलीला वाटलं, ते सही करणार नाहीत. मग वाटलं, करतील. मोठ्या मुलाचा शब्द मोडणं नानांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं, आणि दादाला ते पुरतं ठाऊक होतं.

“नाना, एक सही,” दादा मऊ आवाजात म्हणाला. “नाहीतर लोक तुमच्याबद्दलच बोलत राहतील.”

तेव्हा आई बाहेर आली. पदराला हात पुसत ती नानांच्या खुर्चीमागे उभी राहिली.

“बोलू देत की. ते आम्हीच आहोत.”

नानांच्या हातातला चमचा ताटात पडला.

“आई,” दादा म्हणाला.

“काय आई? विचारत होतास ना कोण म्हणून? सांगितलं. आता लिही तुझ्या निवेदनात, होय, ते आमचेच आईवडील. नानांची सही हवी तर मी घेऊन देते.”

दादानं मधलीकडे पाहिलं. “खरं आहे हे?”

मधलीनं आयुष्यात कधी घरच्या माणसाची मुलाखत घेतली नव्हती, तो तिचा पहिला नियम होता. आई साफ खोटं बोलत होती. आणि आई खोटं बोलते हे म्हणायची तिला सोय नव्हती, कारण पाच मिनिटांपूर्वी याच टेबलावर तिनं सगळ्यांना बजावून सांगितलं होतं, हो नाही आणि नाहीही नाही.

“मला काही सांगता येणार नाही,” ती म्हणाली.

“बघ,” आई म्हणाली. “नाही म्हणाली का ती?”

काकांचा चेहरा पडला. आठवडाभराची त्यांची शान वहिनीच्या भातासारखी निवून गेली. नाना कानापर्यंत लाल झाले होते, पण त्यांनी आईला खोटं पाडलं नाही. ताटाखालून कागद काढला, आईच्या हातात दिला आणि म्हणाले, “याचं काय करायचं ते बघ.” आईनं तो भाजीच्या गरम भांड्याखाली ठेवला, टेबलाला डाग पडू नये म्हणून.

नंतर भांडी विसळताना मधली हळूच म्हणाली, “आई, तू खोटं बोललीस.”

“तुला कसं माहीत?” आई नळाकडे बघत म्हणाली. “तू कधी विचारलंस?”

मधलीनं ताट पुसलं. पुसून झालेलं तेच ताट तिनं पुन्हा पुसलं. आणखी काही विचारायचं धाडस तिला झालं नाही.

सोमवारचं वर्तमान तिला वहिनीकडून कळलं, दुकानातून, फोनवर, दबक्या आवाजात. आईचं बोलणं बाजारात कसं पोहोचलं हे कुणी कबूल करत नव्हतं. वहिनीही नाही. पण सकाळी शटर उघडण्याआधीच सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

“ताई, आत्ता जेवायची वेळ झाली,” वहिनी सांगत होती. “सगळे आपल्या दुकानाकडे बघतायत. चष्मेवाला दारात येऊन उभा राहिलाय. नाना उठले. थांबा, टोपी घातली. शटरचा आकडा घेतला हातात. ओढलं. पूर्ण ओढलं, ताई, अर्ध्यावर नाही.”

“मग?”

“चालले घराकडे. अगदी ताठ. कुणाकडे बघत नाहीयेत. लोखंडवाला खोकला.”

“नाना काय म्हणाले?”

“थांबले. म्हणाले, खोकल्याला दुपारची विश्रांती चांगली. आणि गेले.”

त्यानंतर घड्याळवाल्यानं शटर ओढलं. मग कापडवाल्यानं. चष्मेवाला बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिला, मग त्यालाही भूक लागली असावी. सगळ्यात शेवटी लोखंडवाल्याच्या बायकोचा फोन आला आणि तोही गेला, तो का गेला यावर वहिनीनं मत दिलं नाही. निवडणुकीत दादा निवडून आला. मतं कुठून आली ते त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही. बाजारातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांनी त्याला मत दिलं होतं, आणि पहिल्याच सभेत त्यांनी दुपारची सुट्टी अर्ध्या तासानं वाढवून मागितली. दादानं तो ठराव मान खाली घालून मंजूर केला.

मधलीला वाटलं, मिटलं एकदाचं. परीक्षांचे दिवस होते. ती विभागातल्या आपल्या अरुंद खोलीत उत्तरपत्रिका तपासत बसली होती, तेव्हा दारावर टकटक झाली आणि काकू आत आल्या. एकट्या. बस बदलून आल्या होत्या. काकू आयुष्यात कधी विद्यापीठात आल्या नव्हत्या. त्यांनी पुस्तकांच्या कपाटाकडे, खिडकीकडे आणि टेबलावरच्या रेकॉर्डरकडे पाहिलं.

“हेच का ते यंत्र?”

“हो. बंद आहे.”

“बंदच राहू दे.” काकू खुर्चीच्या कडेवर बसल्या. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. “आता विचार.”

“काकू, मी घरच्या माणसांना नाही विचारत.”

“मग मी न विचारताच सांगते. मला तुझी काकू समजू नकोस.”

मधली उठली. दार लावून घेतलं. टेबलामागची आपली खुर्ची उचलून टेबलाच्या अलीकडे, काकूंच्या शेजारी आणून ठेवली. परक्या माणसांसमोर कसं बसायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. काकूंसमोर आपले हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

“काकूच समजते,” ती म्हणाली. “सांगा.”

“तुझे काका वाईट नाहीत,” काकू म्हणाल्या. “वाईट असते तर बरं झालं असतं, कुणाला तरी सांगता आलं असतं. ते विनोद करतात. दिवसभर करतात, ते ठीक आहे. पण दिवा मालवल्यावरही करतात. मी जरा जवळ सरकले की काहीतरी विनोद. मला हसू येतं. मी हसले की ते खूश होतात आणि कूस बदलून झोपतात. सगळा जन्म मी हसत काढला. लोक म्हणतात, किती मजेत आहात तुम्ही दोघं.” पर्सचा बंद त्यांनी बोटाला गुंडाळला. “त्या दिवशी सगळे म्हणत होते ते कोण, ते कोण. मला इतकं वाटलं, कुणीतरी म्हणावं की ते आम्ही. आणि तोंडातून निघालं, आम्ही नाही.”

मधली गप्प राहिली. पण हे गप्प राहणं तिनं शिकवलेल्यातलं नव्हतं.

“यावर औषध असतं का?”

“मी डॉक्टर नाही, काकू.”

“डॉक्टरला काय कळतंय. तू इतक्या बायकांना भेटलीस. त्या काय करतात?”

“बऱ्याचशा काहीच करत नाहीत.” मधलीनं विचार केला. “थोड्या जणी सांगून टाकतात. भांडून नाही. सरळ, साध्या शब्दात.”

“काय सांगतात?”

“तुम्हाला काय सांगावंसं वाटतं?”

काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. आवारात विद्यार्थी गटागटानं उभे होते, चुकलेली उत्तरं एकमेकांना सांगत. बऱ्याच वेळानं काकूंनी घसा साफ केला, पाठ सरळ केली आणि समोरच्या कपाटाकडे बघत म्हणाल्या, “अहो, आज विनोद नको.”

म्हणाल्या आणि स्वतःच लाजल्या.

“चांगलं आहे,” मधली म्हणाली. “पण कपाटाला सांगितल्यासारखं वाटलं. पुन्हा म्हणा.”

“अहो.” काकू थांबल्या. या वेळी आवाज खाली आला, आणि त्यात मधलीनं कधी न ऐकलेली एक तरुण बाई होती. “आज विनोद नको.”

काकूंनी पर्सचा बंद बोटावरून सोडवला.

“आणि ते हसले तर?” काकूंनी विचारलं.

यावर मधलीकडे कुठलाही अभ्यास नव्हता.

“हसू देत,” ती म्हणाली. “तुम्ही हसू नका.”